मासे चढणीला लागण्याआधी: गोव्याच्या जलस्रोत आणि मत्स्योद्योग खात्यांना खुले पत्र

प्रति,
जलस्रोत खाते आणि मत्स्योद्योग खाते, गोवा सरकार
प्रत माहितीसाठी: गोवा राज्य जैवविविधता मंडळ, तसेच सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण तालुक्यांतील पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

सन्माननीय अधिकारीवर्गास,
सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्याच्या समुद्रात ट्रॉलर आणि पर्ससीनची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आहे, त्यांना सवड द्यायला हवी, हे कारण आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कुरकुर होते, पण बंदी पाळली जाते. त्याच दिवसांत, किनाऱ्यापासून गाडीने तासा-दीड तासावर, म्हादई, रगाडा, खांडेपार, कुशावती, तळपण या नद्यांत आणि त्यांना मिळणाऱ्या व्हाळांत (ओढ्यांत) गोड्या पाण्यातले मासेही अंडी घालायला निघालेले असतात. त्यांच्या वाटेवर मात्र आम्ही पाग (फेकायची जाळी), कोयते आणि बॅटऱ्या घेऊन उभे असतो. पुराच्या पाण्यात वर चढणारे हे ‘चढणीचे मासे’ आले म्हणून आनंद होतो, बंधाऱ्याच्या पायथ्याशी गर्दी उसळते, दुसऱ्या दिवशी फोटोही छापून येतात.

ही तक्रार जुनीच आहे आणि ती मी पुढे मांडणारही आहे. पण पत्र लिहायचे खरे कारण जूनच्या आधीचे आहे. चढणीला लागलेल्या माशाच्या पोटातली अंडी काही जूनमध्ये तयार होत नाहीत. शिगमो आटोपल्यापासून वैशाख संपेपर्यंत, आटत चाललेल्या कोंडींमध्ये, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांमध्ये, ती हळूहळू भरत जातात. याच तीन महिन्यांत आमच्या कोंडींचे पाणी तापते आहे, आणि ते का तापते याची निम्मीअधिक कारणे आपल्या दोन खात्यांच्या हातातली आहेत. जूनमधली वीण वाचवायची तर आधी मार्च, एप्रिल आणि मे सांभाळावे लागतील, एवढेच माझे मागणे आहे. बाकी सारे त्याचा तपशील.

मी सत्तरीतला बागायतदार. माझ्या कुळागराला पाणी व्हाळातूनच मिळते. खाली जे मागतो आहे त्यातले काही माझ्या स्वतःच्या पंपालाही लागू होणार आहे, हे जाणूनच लिहितो आहे.

आधी माशाच्या पोटात काय घडते ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे पटणार नाही. दिवस मोठा होऊ लागला, पाणी थोडे ऊबदार झाले की माशाच्या मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीला इशारा जातो. तिथून संप्रेरक निघते, ते अंडाशयाला जागे करते. अंडाशय इस्ट्रोजेन तयार करते, आणि ते रक्तातून यकृतात पोचले की यकृत बलकाचे प्रथिन बनवू लागते. हे प्रथिन पुन्हा रक्तातून अंडाशयात जाते आणि एकेक अंडे भरत जाते. काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे हे काम. ऊब ही या कामाची सुरुवात करून देते, म्हणजे ऊब मुळातच वाईट असे नाही. पण प्रत्येक जातीची एक मर्यादा असते. पाणी त्यापलीकडे तापले की इस्ट्रोजेन बनवणारे विकर मंदावते, बलक कमी पडतो, आणि मासा अर्धवट भरलेली अंडी स्वतःच्याच अंगात जिरवू लागतो. मासा मरत नाही. वरून पाहाल तर तो ठणठणीत दिसतो. फक्त त्या वर्षी त्याच्यापासून पुढे काही निपजत नाही, किंवा निपजते ते कमकुवत.

मोठे मासे पोहताना दिसतात म्हणून नदी बरी आहे असे समजणे त्यासाठीच धोक्याचे आहे. जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ६९४ जातींच्या माशांचा, समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्याही, अभ्यास मांडला. त्यांना दिसले ते असे की एरवीचा मोठा मासा आणि पिल्लू जितकी उष्णता सोसतात, तितकी अंड्यावर आलेला मासा आणि अंड्यातला गर्भ सोसू शकत नाहीत. या दोन अवस्थांची सोसण्याची पट्टी फार अरुंद असते. जगाचे तापमान बेसुमार वाढू दिले तर या शतकाच्या अखेरीस त्यांतल्या ६० टक्क्यांपर्यंत जातींना त्यांच्या विणीच्या जागी पाणी जास्तच गरम पडेल, आणि वाढ दीड अंशावर थोपवली तर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहील, असा त्यांचा अंदाज आहे. हे जगाचे चित्र झाले. आमच्या कोंडीला जगाइतका वेळ मिळेल असे मला वाटत नाही, कारण तिच्यात पाणीच थोडे असते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५, आणि ३५ अंशांना ७च्या आसपास. उलट माशाचे शरीर गरम पाण्यात भराभर चालते, म्हणजे त्याची प्राणवायूची गरज वाढत जाते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. अंडी भरलेल्या मादीची गरज तर इतरांहून जास्त. अशा वेळी ताकद जगण्यात जाते, बलकाला उरत नाही.

एप्रिलच्या शेवटी एखाद्या उघड्या कोंडीवर भल्या पहाटे जाऊन पाहा. दुपारी नको, पहाटेच. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्रभर तेच शेवाळ तो शोषून घेते, म्हणून उजाडण्याच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी अजून कोमटच लागते, रात्रीत निवलेले नसते. कडेला हिरवट तवंग आणि भोवताली वाळून पांढरे पडलेले दगड. आणि मधोमध मासे पृष्ठभागाशी तोंड काढून, एकाच दिशेला तोंड करून, जवळजवळ न हलता उभे असतात. पाण्याचा जो पातळ थर हवेला भिडलेला असतो, तेवढ्यातच त्यांना श्वास मिळतो. पावलाची चाहूल लागली तर एरवी ते क्षणात तळाला जातात. या वेळी जात नाहीत. थोडे खाली होतात आणि लगेच वर येतात. सूर्य बराच वर आला, शेवाळ कामाला लागले, की मगच ते पांगतात. या माशांच्या पोटात जूनची अंडी असतात.

सगळ्या माशांना हे सारखेच बाधत नाही, हेही सांगितले पाहिजे. थिगूर आणि मरळ थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, ते अशा पाण्यात तग धरतात. दगडाला चिकटून राहणारा, वाहत्या पाण्यातला मल्या किंवा दगडांच्या सांदीत राहणारे इतर लहान मासे यांना ते जमत नाही. वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी हीच त्यांची सवय. आणि तिलापिया, जी आम्ही माणसांनीच इथे आणून सोडली, तिला तर गरम पाणी मानवतेच. ती पावसाची वाट पाहत नाही, वर्षातून अनेकदा वीण काढते आणि मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते. म्हणजे कोंड तापली तर मासे संपतील असे नाही. ती तिलापियाने भरेल, आणि सह्याद्रीचे म्हणून जे मासे आहेत ते एकेक करून कमी होतील. बाजारात बसून कुणाला यात फरक कळणारही नाही. मला तो फरक फार मोठा वाटतो.

आता वेळेचे. आमच्या बहुतेक नदीच्या माशांना अंडी घालायला दोन गोष्टी लागतात: अंडी पिकलेली हवीत आणि पूर यायला हवा. अंडी पिकतात ती दिवसाच्या लांबीवर आणि पाण्याच्या उबेवर. पूर येतो तो ढगांच्या मर्जीने. पहिल्या पुराने पाणी एकदम थंड होते, गढूळ होते, चढते, आणि तोच माशाला ‘निघा’ असा इशारा असतो. पूर्वी या दोन्हींचा मेळ मृगाच्या सुमारास जमून येई. पाणी लवकर तापले तर अंडी लवकर पिकतात, पूर मात्र त्यांच्यासाठी लवकर येत नाही. नवरी नटून बसावी आणि वऱ्हाडाचा पत्ता नसावा, तशी गत होते. पिकलेले अंडे फार दिवस थांबत नाही. ते जास्त पिकते, त्याची फळण्याची क्षमता जाते, नाहीतर मासा ते जिरवून टाकतो.

हा घोटाळा थंड देशांतही होतो. अमेरिकेतल्या एरी सरोवरात पर्च नावाचा मासा बर्फ वितळल्यावर वसंतात अंडी घालतो. हिवाळे आखूड आणि उबदार झाले की त्याची अंडी लहान निपजतात आणि कमी फुटतात, असे तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. त्यांचा वसंत निराळा, आमचा चैत्र निराळा. पण अंडे भरण्याच्या महिन्यांत पाण्याचे गणित चुकले तर विणीच्या दिवशी ते दुरुस्त होत नाही, हे दोन्हीकडे खरे.

यावर मत्स्योद्योग खात्यातले कुणी म्हणेल, की उष्णतेने तर फायदा होतो. पश्चिम बंगाल आणि ओडिशातल्या बीजकेंद्रांत रोहू-कटला आता मार्चमध्येच पिकू लागले आहेत, त्यांचा हंगाम दीड-दोन महिन्यांनी लांबला आहे, असे बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीच नोंदवले आहे. खरे आहे. पण बीजकेंद्रात पुराचे काम माणूस करतो. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावली, तेव्हापासून तिथे ढगांची वाट पाहावी लागत नाही. टाकीत पाणी फिरते, हवा सोडली जाते, तापमान पाहिले जाते. मार्चमध्ये पिकलेल्या शिंगटीला सत्तरीच्या कोंडीत कोण इंजेक्शन देणार? त्याच संस्थेच्या अभ्यासात गंगेतल्या कार्प माशांची नैसर्गिक वीण पावसाचे वेळापत्रक बदलल्याने बिघडल्याचेही आले आहे. बीजकेंद्राचा फायदा आणि नदीचा तोटा एकाच उष्णतेतून आलेला आहे.

पावसाचे वेळापत्रक तरी कसे झाले आहे पाहा. २०२३ मध्ये मान्सून गोव्यात ११ जूनच्या सुमारास आला, त्याही आधी फेब्रुवारीत देशाच्या सरासरी कमाल तापमानाचा १९०१ पासूनचा उच्चांक मोडला होता. म्हणजे सुरुवातही तापलेली आणि शेवटही लांबलेला. २०२५ मध्ये उलटे झाले. फेब्रुवारी पुन्हा विक्रमी गरम, आणि पाऊस मात्र मे महिन्यातच, रोहिणी लागता लागता, दारात. शिवाय अधूनमधून एप्रिल-मेमध्ये एखादी अवकाळी सर इतकी जोराची येते की व्हाळ दोन दिवस वाहतो. मासे फसतात, वर चढतात, उथळ पाण्यात अंडी घालतात, आणि पुन्हा ऊन पडते. पाणी ओसरते, अंडी दगडांवर वाळतात.

अंडी घातल्यानंतरचेही थोडे सांगतो. रोहूची अंडी २४ ते ३१ अंशांत १४ ते २० तासांत फुटतात. पाणी जास्त गरम असेल तर ती आणखी लवकर फुटतात, पण गर्भाला नीट घडायला वेळ मिळत नाही, वाकड्या कण्याची, कमी जगणारी पिल्ले वाढतात. काही जातींत अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या जास्त उष्णतेने माद्या कमी आणि नर जास्त निपजतात, हेही प्रयोगशाळांत दिसलेले आहे.

गाबोळी हाताळलेल्या बाईला हे सांगावे लागत नाही. पहिल्या पुरातली शिंगटी विळीवर चिरली की चांगली गाबोळी घट्ट, सोनसळी, दाणा दाण्याला लागलेला आणि सगळे दाणे एका मापाचे. तीच कधी मऊ येते, बोटाला चिकटते, मध्येच पांढुरके ठिपके, काही दाणे भरलेले तर काही नुसती साल. अशी गाबोळी आमच्याकडे आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा निघते असे चिरणाऱ्या बायका बोलतात. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पण जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, गोवा विद्यापीठ आहे. मे-जूनमध्ये चार व्हाळांतले मासे तपासून अंडाशयाची स्थिती पाहणे त्यांना अवघड नाही. मत्स्योद्योग खात्याने ते काम त्यांच्याकडे सोपवावे.

आता पाणी का तापते त्याकडे येतो. सूर्य आपल्या हातात नाही. मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत गरम मार्च होता आणि २०२३च्या मार्चमध्ये गोव्यात उन्हामुळे शाळा दुपारआधी सोडाव्या लागल्या, हे कुठल्याही खात्याने टाळता आले नसते. पण कोंडीचे पाणी किती तापेल हे तिच्या खोलीवर, सावलीवर आणि तिच्यातून वाहणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. हे तिन्ही माणसाच्या हातात आहे.

बंधाऱ्यांपासून सुरू करतो. पावसाळा सरला की जलस्रोत खाते बंधाऱ्यांच्या खणांत फळ्या बसवते. त्याने विहिरींना पाणी राहते, वायंगण (उन्हाळी भातशेती) होते, कुळागरे जगतात. मी बंधाऱ्यांच्या विरोधात नाही, माझी बाग त्यांच्यावरच उभी आहे. अडचण एप्रिल-मेची आहे. तोवर बंधाऱ्यामागे पसरट, उथळ, न वाहणारे पाणी उरते, ते दिवसभर उन्हात तापते, आणि बंधाऱ्याखालची कोंड वरून थेंबही न आल्याने आटते. सगळ्या फळ्या तळापर्यंत बंद असण्याऐवजी एका खणातली सर्वांत खालची फळी हातभर उघडी ठेवली तर तळचे, त्यातल्या त्यात थंड पाणी थोडे थोडे खाली जात राहील. फार पाणी जाणार नाही. मुख्य म्हणजे खालची कोंड मरणार नाही. आणि फळ्या काढण्याची तारीख पंधरा मेच्या पलीकडे जाऊ नये. २०२५ सारखा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि फळ्या जागेवरच असल्या, तर बंधाऱ्याखाली मासे नुसते आपटत राहतात. आमच्याकडे गर्दी होते ती याच जागी, कारण तिथे मासा अडलेला असतो, पकडायला कौशल्य लागत नाही. बंधाऱ्याच्या एका कडेला दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार बांधला तर मासा वर जाऊ शकतो. नवे बंधारे बांधताना तरी हा उतार आराखड्यातच असावा.

सावलीबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. व्हाळाच्या काठची शेरणी, वाळुंज, करंज, जांभूळ यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो आणि फांद्यांनी पाणी झाकलेले असते. बांबरला निरंकाराच्या राईत भर वैशाखात जाऊन पाण्यात पाय टाका, गारवा वर चढत येतो. तिथून थोडे अंतर चालून उघड्यावरच्या व्हाळात पाय टाका. पुढचे समजावून सांगायची गरज उरत नाही. राईला देवाचे भय होते म्हणून ती राहिली. बाकी काठांवर आम्ही काय केले? धूप होते म्हणून झाडे काढून काँक्रीटच्या संरक्षक भिंती उभ्या केल्या. भिंत दिवसभर तापते, ती उष्णता पाण्याला देते, सावली शून्य, आणि लहान माशांना लपायला मुळेही उरत नाहीत. वस्ती किंवा पूल धोक्यात असेल तिथे भिंत हवीच. पण बागायतीच्या काठाला, शेताच्या काठाला, रानातून जाणाऱ्या व्हाळाला भिंत कशाला? तेवढ्या पैशात शेरणीची आणि वाळुंजाची लागवड होते, आणि ती धूपही थांबवते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे पेटले, तेव्हा डोंगरावरची झाडे गेली म्हणून सगळे हळहळले. त्या उतारांवरून खाली येणाऱ्या व्हाळांचे काय झाले, त्यांची सावली किती गेली, राख कुठल्या कोंडीत बसली, हे पाहायला कुणी गेल्याचे ऐकले नाही.

पंपांचे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. कोंडीतला शेवटचा हातभर पाणीसाठा केळी-सुपारीला ओढला गेला की बागाईत आठवडाभर तगते आणि कोंड त्या वर्षापुरती जाते. प्रत्येक नदीवरच्या निवडक खोल कोंडी ठरवून, त्यांत ठरावीक पातळीखाली कुणीही पंप लावायचा नाही असा नियम झाला तर मी तो पाळीन. माझ्यासारखे बहुतेक पाळतील, फक्त तो सगळ्यांना सारखा लागू हवा. ज्यांची बाग त्याने अडचणीत येईल त्यांना ठिबकसाठी किंवा साठवण टाकीसाठी प्राधान्याने मदत द्यावी.

म्हादईच्या पाण्यावरून आपण कर्नाटकाशी भांडतो, लवादाने २०१८ मध्ये त्यांना १३.४२ टीएमसी दिले तेव्हा सगळा गोवा खवळला, आणि तो खवळला हे योग्यच झाले. कळसा आणि सुर्लाचे पाणी वरच वळवले तर उन्हाळ्यात खाली येणारी धार आणखी बारीक होईल, आणि बारीक धार जाड धारेपेक्षा लवकर तापते. पण टीएमसीच्या या सगळ्या वादात पाण्याच्या तापमानाचा उल्लेख मी कुठे वाचला नाही. नदीत पाणी किती, एवढेच विचारले गेले. त्या पाण्यात मासा अंडी घालू शकेल का, हेही गोव्याच्या बाजूने मांडण्यासारखे आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे नोंदी हव्यात.

नोंदी नाहीत असे नाही. राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमात नद्यांच्या ठरावीक जागी महिन्यातून एकदा पाण्याचे तापमान आणि प्राणवायू मोजला जातो. मोठ्या प्रदूषणासाठी ते ठीक. कोंडीत पहाटे प्राणवायू किती खाली गेला, दुपारी तीनला पाणी किती तापले, हे महिन्यातल्या एका दिवसाच्या एका बाटलीतून कळत नाही. पाण्यात बुडवून ठेवायची आणि तासातासाची नोंद घेणारी लहान उपकरणे काही हजार रुपयांत मिळतात. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांतल्या थोड्या सावलीतल्या आणि थोड्या उघड्या कोंडींत ती यंदाच्या फेब्रुवारीपासून ठेवावीत. आमच्या हायस्कुलांतली मुले ती सांभाळतील, त्यांचे शिक्षक तयार होतील याची मला खात्री आहे. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की कुठे आधी झाडे लावायची आणि कुठली फळी आधी उघडायची, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

एक छोटी पण तातडीची गोष्ट. पावसाआधी नद्यांचा गाळ उपसतात. यंत्र कोंडीत उतरते ते नेमके एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दोन किलोमीटर पात्रातले मासे त्या एका कोंडीत जमा झालेले असतात. काम करायचेच असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा, आणि खोल कोंडी त्यातून वगळा.

आता मासेमारीचे. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. जुनी माणसे रामेठ्याची साल, गेळाची फळे कुटून घालत, तेही आटलेल्या पाण्यात घातक होते, पण ते व्हाळाच्या एका डबक्यापुरते राही. आता ब्लीचिंग पावडर पडते, कीटकनाशक पडते, इन्व्हर्टरचा करंट सोडला जातो. करंटने मोठा मासा वर येतो आणि अंडी, पिल्ले, किडे, बेडूक सगळे तळाशी मरून राहते. तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातून जे वाचले ते अशा एका रात्रीत जाते. पंचायतीला तक्रार केली तर पोलिसांकडे जा म्हणतात, पोलीस मत्स्योद्योग खात्याकडे पाठवतात. मत्स्योद्योग खात्याने तालुक्याला एक माणूस आणि एक फोन नंबर तरी या महिन्यांसाठी नेमावा.

चढणीचे मासे अजिबात धरू नयेत असे मी म्हणणार नाही. डोंगरातल्या घरांना वर्षभर बाजारातले नुस्ते परवडत नाही. त्यांच्या ताटात पहिल्या पावसात चार मासे पडतात, ते हिरावून घेणे बरोबर नाही. मागणे एवढेच की पहिला पूर आल्यापासून पंधरा दिवस बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणि व्हाळाची पूर्ण रुंदी अडवून मासेमारी होऊ नये, आणि ठरवलेल्या कोंडींत १ मार्च ते ३१ जुलै पूर्ण बंदी असावी. गरीने, पागाने इतरत्र धरणाऱ्याला कुणी अडवू नये. विकण्यासाठी पोतीच्या पोती नेणाऱ्याला मात्र अडवावे.

कोंडी राखण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक समित्या आहेत, वारसास्थळ जाहीर करण्याची तरतूद आहे, आणि गोव्यात एका राईला तो दर्जा मिळालेलाही आहे. राईला मिळू शकतो तर कोंडीला का नाही? महाडजवळ वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, तिथे हात लावायची कुणाची छाती होत नाही. आमच्या समित्यांच्या बैठकांत औषधी झाडांची यादी होते, पक्ष्यांची होते. गावातल्या कोंडींची यादी, प्रत्येकीची मेमधली खोली आणि तिथे दिसणारे मासे, एवढी नोंद या उन्हाळ्यात प्रत्येक समितीने केली तर मंडळाकडे पावसाआधी सत्तरीपासून काणकोणपर्यंतचा नकाशा तयार असेल.

गोड्या पाण्यातल्या माशांची उलाढाल समुद्राच्या तुलनेत किरकोळ, असे उत्तर मला याआधी मिळाले आहे. आकड्यांत ते बरोबर असेल. शेवटो राज्यमासा ठरला तेव्हा आनंदच झाला. पण समुद्राचा मासा घटला तर ट्रॉलरवाले विधानसभेच्या दारात जातात, वर्तमानपत्रे भरतात. मल्या घटला तर कुणीही जाणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडून आत्ता मला तीन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे. यंदा कुठल्या बंधाऱ्याच्या फळ्या कोणत्या तारखेला निघणार, हे तालुकावार जाहीर करावे. या उन्हाळ्यात गाळ उपसायच्या यादीत ज्या कोंडी आहेत त्यांची नावे कळवावीत, म्हणजे काम सुरू होण्याआधी गावाला बोलता येईल. आणि पहिल्या पुरानंतरच्या पंधरा दिवसांचा आदेश मत्स्योद्योग खाते काढणार आहे की नाही, ते १० मेपूर्वी सांगावे. होकार असेल तर आमच्या वाड्यावरचे आम्ही काही जण त्या पंधरा दिवसांत बंधाऱ्यावर रात्री पाळीपाळीने राहायला तयार आहोत.

आपला,
सत्तरीतील एक बागायतदार